बाटल्या ओतून टाकण्याआधी: व्यसनाचा आजार ओळखणं आणि उपचार गाठणं

आमच्या दादाची दारू आम्ही घरातल्या घरात बंद केली. कपाटातल्या बाटल्या मोरीत ओतल्या, त्याचं पाकीट काढून घेतलं, वहिनीने रजा टाकली आणि मी त्याच्या खोलीबाहेर गादी घातली. पहिल्या दिवशी त्याचे हात थरथरत होते, घामाने बनियन भिजलं होतं. आम्ही म्हटलं, चाललंय ते बरोबर चाललंय, विष बाहेर पडतंय. तिसऱ्या रात्री आत डोकावलो तर तो पलंगावर बसून चादरीवरून काहीतरी चिमटीने उचलत होता आणि डाव्या तळहातावर ठेवत होता. "काय करतोस, दादा?" म्हटलं तर म्हणाला, "धागे पसरलेत सगळे. गोळा करतोय." तळहात रिकामा होता. मग त्याने मला वडिलांच्या नावाने हाक मारली.

रुग्णालयात पोचल्यावर तिथल्या डॉक्टर बाईंनी एकच प्रश्न विचारला: "बंद करायच्या आधी कुणाला विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं. घरात कुणाला दारूचं, तंबाखूचं, गांजाचं, झोपेच्या गोळ्यांचं किंवा अफूच्या जातीतल्या नशेचं व्यसन असेल, किंवा ते तुम्हालाच असेल, तर आमच्याकडून चुकलेला क्रम तुमच्याकडून चुकू नये म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. यातलं वाचून औषध सुरू किंवा बंद करू नका; कुठे जायचं आणि तिथे काय विचारायचं एवढ्यासाठी याचा उपयोग करा.

१. आजार आहे का, आणि किती, ते आधी बघा

"तो कुठे रोज पितो?", "कामाला तर वेळेवर जातो", "गटारात पडलेला दिसला का कधी?" ही तिन्ही वाक्यं आमच्या घरात वर्षानुवर्षं चालली. यातल्या एकाही गोष्टीवर व्यसन ठरत नाही.

मानसोपचारात सर्रास वापरली जाणारी 'डीएसएम-५' ही नियमावली २०१३ साली आली. तिने 'गैरवापर' आणि 'अवलंबित्व' अशी जुनी दोन खाती मोडून एकच आजार धरला आणि त्याचे ११ निकष दिले. साध्या भाषेत सांगायचं तर ते असे: ठरवलं त्यापेक्षा जास्त किंवा जास्त काळ घेतलं जातं; कमी करायचं म्हटलं तरी जमत नाही; मिळवण्यात, घेण्यात आणि उतरण्यात बराच वेळ जातो; तलफ येते; काम, शिक्षण, घर यांतल्या जबाबदाऱ्या सुटतात; नात्यांत भांडणं होऊनही चालूच राहतं; आधी आवडणाऱ्या गोष्टी मागे पडतात; गाडी चालवण्यासारख्या धोक्याच्या वेळीही घेतलं जातं; शरीराला किंवा मनाला त्रास होतोय हे कळूनही थांबत नाही; तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते; आणि बंद केलं की अंगावर त्रास येतो.

गेल्या १२ महिन्यांत यातले २ ते ३ लागू पडले तर आजार सौम्य, ४ ते ५ मध्यम, ६ किंवा जास्त असतील तर तीव्र. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्या माणसाला शेवटचे दोन निकष मोजत नाहीत. त्याच्या शरीराला औषधाची सवय होणं हे व्यसन नव्हे.

दादाचे मी कागदावर मोजले तेव्हा आठ निघाले. त्यातला एक आम्ही इतकी वर्षं कौतुकाने सांगत होतो: "दादाला चढतच नाही." माणसाला चढत नाही याचा अर्थ तो खंबीर आहे असा नसून त्याच्या मेंदूने दारूशी जुळवून घेतलंय असा असतो.

दारूपुरतं बघायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची १० प्रश्नांची चाचणी आहे. एकूण गुण ४०; ८ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे असं धरतात. मात्र पिणाऱ्याने ती स्वतः, खरी उत्तरं देऊन सोडवली तरच तिला अर्थ आहे. वहिनीने दादाच्या वतीने सोडवली, त्यातून फक्त भांडण निघालं.

२. एकदम बंद करू नका

या पायरीवर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथे जीव जातो.

दारू मेंदूला सतत दाबून धरते. वर्षानुवर्षं दाबला गेलेला मेंदू तोल राखायला स्वतःचा वेग वाढवून ठेवतो. मग एका सकाळी तुम्ही दारू काढून घेता. दाब जातो, वेग तसाच राहतो. हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, मळमळ, झोप उडणं हे साधारण ६ ते २४ तासांत सुरू होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: नसलेलं दिसतं, जागा-वेळ कळत नाही, ताप चढतो. याला 'डिलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. दादाचे धागे ते हेच. गंमत बघा, आम्ही पहिल्या दिवशी सर्वांत जास्त सावध होतो आणि तिसऱ्या दिवशी "आता उतरलं" म्हणून सैल झालो होतो. नेमकं उलटं हवं होतं.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचंही तसंच. डायझेपाम, अल्प्राझोलामच्या जातीतल्या गोळ्या बरेच महिने घेतल्या असतील तर त्या एका दिवसात थांबवल्यावरही फिट येऊ शकते. त्यांची मात्रा डॉक्टर हळूहळू उतरवतात, आणि त्याला आठवडे काय, महिनेही लागतात.

हेरॉइन किंवा अफूच्या जातीतल्या वेदनाशामक गोळ्या बंद केल्या की अंग मोडून येतं, जुलाब-उलट्या होतात, नाक-डोळे वाहतात, पाय स्वस्थ राहत नाहीत. माणसाला वाटतं आता मरतो. यात जीव सहसा जात नाही, पण शरीरातलं पाणी कमी होऊन प्रकृती बिघडते. खरा धोका पुढे असतो. काही दिवस बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, माणूस पुन्हा जुन्याच मात्रेने घेतो आणि श्वास थांबतो. उपचार केंद्रातून किंवा तुरुंगातून नुकत्याच बाहेर आलेल्यांना हा धोका फार असतो. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मंद किंवा घरघरता, ओठ निळे पडलेले आणि हाका मारून जाग येत नसेल तर रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबला असेल तर कृत्रिम श्वास सुरू करा. नालोक्सोन हे औषध हा परिणाम उलटवतं; जिथे मिळतं तिथे घरात ठेवावं. पण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि नशा त्याहून जास्त टिकू शकते, म्हणून माणूस उठून बसला तरी रुग्णालय टाळायचं नाही.

तंबाखू आणि गांजा एकदम सोडल्याने असा जिवाचा धोका नसतो. चिडचिड होते, झोप बिघडते, गांजा सोडणाऱ्याची भूकही जाते. कोकेन किंवा मेथॅम्फेटामिनसारख्या उत्तेजक नशांनंतर मात्र मन फार खचू शकतं आणि आत्महत्येचे विचार येऊ शकतात. अशा माणसाला त्या दिवसांत एकटं सोडू नये.

दारू रोजची असेल, पूर्वी कधी बंद केल्यावर फिट आली असेल, वय जास्त असेल, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर डॉक्टरांना भेटल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. भेट दोन दिवसांनी मिळणार असेल तर तोवर त्याला थोडी पिऊ द्यावी लागेल. घरच्यांच्या घशाखाली हे उतरत नाही, माहितीय. वहिनीलाही पटलं नव्हतं.

३. एक वही करा

डॉक्टरांपुढे बसल्यावर "किती घेतात?" या प्रश्नाला पिणारा "थोडी" म्हणतो आणि घरचे "खूप" म्हणतात. दोन्ही बिनकामाचं. एका साध्या वहीत आठवडाभराचं लिहा: काय घेतलं, किती, किती वाजता, शेवटचं कधी, आणि सकाळी उठल्यावर हात थरथरतात का. ती सकाळची नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते. वहीच्या मागच्या पानावर सध्या चालू असलेली सगळी औषधं, जुने आजार, पूर्वी आलेल्या फिट, आधीचे उपचार आणि घरात आणखी कुणाला व्यसन किंवा मानसिक आजार होता का, ते लिहा.

एका वेळी दोन नशा असतील तर दोन्ही लिहा. दादा झोपेच्या गोळ्याही घेतो हे आम्हाला रुग्णालयात कळलं, तेही त्याच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात पाकीट सापडलं म्हणून.

४. बोलायचं कधी आणि कसं

प्यायलेल्या माणसाशी उपचारांबद्दल बोलू नका. आम्ही रात्री बोलायचो, कारण राग रात्री यायचा. सकाळी, उतरलेली असताना, एकट्याने आणि थोडक्यात बोला. "तू आमचं वाटोळं केलंस" ऐवजी पाहिलेली एक गोष्ट सांगा: "काल तू जिन्यात पडलास, मला भीती वाटली. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय, मी बरोबर येतो." वेळ आधीच घेऊन ठेवा. दादासारखी माणसं सकाळी दहा वाजता "हो, जाऊ" म्हणतात आणि दुपारी तो होकार विरघळून जातो.

माणूस तळाला जाऊन आपटल्याशिवाय सुधारत नाही, असं बरेच जण सांगतील. तसं थांबायची गरज नसते. घरच्यांनाच शिकवून माणसाला उपचारांपर्यंत आणायची 'क्राफ्ट' नावाची पद्धत आहे. प्यायलेला नसताना बरोबर बसणं, फिरायला जाणं, आणि प्यायल्यावर त्याच्या परिणामांवर पांघरूण न घालणं हा तिचा गाभा. 'पोट बिघडलंय' असा त्याच्या कचेरीत खोटा फोन मी करायचो. तो बंद केला त्या महिन्यात दादा पहिल्यांदा आपण होऊन म्हणाला, "काहीतरी करायला हवं."

तुम्हाला किंवा मुलांना मारहाण होत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी सुरक्षित जागी जा.

५. कुणाकडे जायचं

पहिली भेट मानसोपचारतज्ज्ञाकडे, किंवा रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात. तेही जवळ नसेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. ते तपासणी करून पुढे पाठवू शकतात. सगळ्यांनाच भरती व्हावं लागत नाही. त्रास सौम्य असेल, पूर्वी फिट आलेली नसेल, घरी लक्ष देणारं माणूस असेल तर बाह्यरुग्ण विभागात ये-जा करूनही सुरुवात होते.

भरती करायची ठरलं तर केंद्र निवडण्यापूर्वी स्वतः जाऊन बघा. आम्ही आधी ज्या केंद्राला फोन केला त्यांचा पहिला प्रश्न होता, "खोली कुठली हवी?" दुसरा, "पैसे कसे भरणार?" शेवटचं कधी प्यायले, फिट आली होती का, हे कुणी विचारलंच नाही. तुम्ही हे विचारा:

- केंद्राला सरकारी परवाना आहे का? असेल तर बघायला मागा.
- डॉक्टर किती वेळा येतात? रात्री फिट आली तर कोण बघतं, कुठल्या रुग्णालयात नेतात?
- डिटॉक्सनंतर, म्हणजे शरीरातून नशा उतरवल्यानंतर, औषधं देता का, की औषधांना तत्त्वतःच विरोध आहे?
- समुपदेशन एकट्याचं होतं की फक्त गटात? घरच्यांसाठी काय आहे?
- भेटायला आणि फोनवर बोलायला कधी देता?
- सुटल्यानंतर पाठपुरावा किती महिने?

"शंभर टक्के गॅरंटी" हे शब्द ऐकले की उठा. बांधून ठेवणं, मारणं, उपाशी ठेवणं हे उपचार नव्हेत, मग केंद्रवाले त्याला शिस्त म्हणोत की आणखी काही. रुग्णाला घरातून उचलून नेणारी गाडी पाठवतो म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा.

६. डिटॉक्स म्हणजे फक्त दार उघडणं

डिटॉक्स साधारण आठवडाभराचं काम. दारूसाठी डॉक्टर बेंझोडायझेपिन गटातली, म्हणजे वर आलेल्या डायझेपामच्या जातीतली, औषधं देऊन ती हळूहळू उतरवतात आणि थायमिन, म्हणजे 'बी-१' जीवनसत्त्व देतात. सलाइनमधून ग्लुकोज चढवायचं असेल तर थायमिन त्याच्या आधी किंवा बरोबर दिलं जातं. ते कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणूनच "घरीच एक सलाइन लावून घेऊ" हा उपाय वाटतो तितका साधा नाही.

आठव्या दिवशी दादा गुलाबी चेहऱ्याने बसला होता, आणि आम्हाला वाटलं झालं. त्याच संध्याकाळी समुपदेशक म्हणाल्या, "आता सुरुवात." शरीरातून दारू गेली होती. तलफ, सवयी, ठरलेली माणसं आणि संध्याकाळी साडेसातची वेळ जागच्या जागी होती.

दारूसाठी पुढे मुख्यतः तीन औषधं वापरतात. नाल्ट्रेक्सोन पिण्यातली मजा आणि तलफ कमी करतं. अफूच्या जातीचं काही चालू असेल तर मात्र ते ७ ते १० दिवस पूर्ण थांबल्याशिवाय घेता येत नाही. अकॅम्प्रोसेट बंद ठेवायला मदत करतं, त्यासाठी मूत्रपिंडं ठीक असावी लागतात. तिसरं डायसल्फिराम. ते घेऊन प्यायलं की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. गोळी थांबवल्यावरही १४ दिवसांपर्यंत असं होऊ शकतं.

इथे सर्वांत मोठा सापळा आहे: डायसल्फिराम जेवणात गुपचूप कालवून देणं. "त्याला न कळता दारू सुटेल" असं सांगणारे पदोपदी भेटतात. रुग्णाच्या नकळत हे औषध द्यायचंच नसतं. तो पितो, काय होतंय हे त्याला कळत नाही, आणि हृदय कमकुवत असेल तर तो दगावू शकतो. वाचला तरी घरच्या अन्नावरचा विश्वास जातो तो जातोच. नाव न लिहिलेल्या पुड्यांचंही हेच. आत काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं.

अफूच्या जातीतल्या व्यसनाला मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं आहेत. २००५ पासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. "एक नशा सोडून दुसरी धरली" असं नातेवाईक म्हणतील, काही केंद्रंही म्हणतात. ठरलेल्या मात्रेत देखरेखीखाली घेतलेलं हे औषध माणसाला कामावर परत नेतं आणि मृत्यूचा धोका कमी करतं. ते घाईने बंद करू नका. तंबाखूला निकोटिनचे पॅच, गम, तसंच व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑन. गांजा आणि उत्तेजक नशांसाठी खास मान्यता मिळालेलं औषध नाही, तिथे भिस्त समुपदेशनावर असते.

औषधांबरोबर नैराश्य किंवा चिंतेचे उपचारही चालू हवेत. नैराश्य तसंच ठेवून व्यसन सुटणं अवघड जातं, आणि व्यसन चालू ठेवून नैराश्यावरच्या गोळ्या नीट लागू पडत नाहीत.

आणि गट, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या सभा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे 'एए', १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावात सुरू झाली. सभेला फी नसते, आडनाव विचारत नाहीत. दादाला पहिल्या दोन सभा कंटाळवाण्या वाटल्या. तिसरीत त्याच्यासारखाच घरी बाटल्या लपवणारा एकजण बोलला, आणि त्या बाटलीची जागाही दादाचीच निघाली: बुटांच्या खोक्यात. गट नाही रुचला तर दुसरा शोधा. सगळे सारखे नसतात. घरच्यांसाठी 'अल-अनॉन' आहे, १९५१ पासूनची. मी वहिनीला सोबत म्हणून गेलो आणि अजून जातो.

७. भरतीच्या दिवशी काय न्यायचं

वही. रुग्णाचं आणि सोबतच्या माणसाचं ओळखपत्र, विम्याचे कागद, जुने रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या, चालू औषधं मूळ पाकिटांसह. चष्मा, सैल कपडे. माउथवॉश, अत्तर, सॅनिटायझर नको. त्यांत अल्कोहोल असतं. संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचा, आणि रुग्णालाही वाचू द्या. नोकरीच्या ठिकाणी द्यायच्या दाखल्यावर किती लिहायचं हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

८. घसरला तर

उपचारांनंतर पुन्हा घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं. रक्तदाब आणि दम्याचे रुग्णही औषधपाणी साधारण त्याच प्रमाणात सोडतात, आणि त्यांना कुणी नालायक म्हणत नाही. त्यामुळे घसरण होणारच नाही असं धरून चालू नका. ती झाली तर काय करायचं ते आधी, सगळे शुद्धीत असताना, लिहून ठेवा: पहिला फोन कुणाला, गाडीच्या किल्ल्या कुणाकडे, किती दिवस झाले असतील तर थेट रुग्णालय. आमचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय.

दादा चौदाव्या महिन्यात घसरला. पहिल्या वेळी त्याला डॉक्टरांपर्यंत न्यायला आम्हाला सात महिने लागले होते. या वेळी दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचाच फोन आला. "प्यायलोय," म्हणाला. "काल रात्रीपासून. येशील का?" मी विचारलं, शेवटची किती वाजता? तो म्हणाला, "अकराला. वहीत लिहिलंय."